परकर माझा, पदक त्याचं

आजही कुणी मला म्हणालं, “तुमच्या वडिलांनी लहानपणी तुमच्याकडून केवढं पाठांतर करून घेतलं हो, काय ते संस्कार!” की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हसून ‘हो ना’ म्हणायची सभ्यता आता माझ्यात उरलेली नाही. पाठांतर करून घेतलं, हे खरं. पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहायचो. मी आठ वर्षांची, तिसरीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे चार बिऱ्हाडांत मिळून एक अंगण आणि एक विहीर. घरात बाकी सगळं बेताचंच, पण पुस्तकांचं एक लाकडी कपाट होतं आणि त्याची किल्ली अण्णांच्या जानव्याला बांधलेली असायची. आंघोळीच्या वेळीसुद्धा ती तिथेच.

रोज सकाळी अण्णा मागच्या अंगणात दाढीला बसत. खिडकीच्या गजाला आरसा टांगलेला, पितळी वाटीत गरम पाणी, आणि शेजारी पायरीवर मी. गालांना साबण फासून झाला की ते कुठल्या तरी श्लोकाचे, आर्येचे किंवा नाटकातल्या पदाचे पहिले दोन शब्द म्हणायचे. फक्त दोन. मग वस्तरा गालाला लागायचा आणि त्यांचं तोंड बंद. पुढचं मी म्हणायचं. डाव्या गालावरचा साबण निघायच्या आत चारही ओळी पुऱ्या झाल्या पाहिजेत, असा आमचा नियम. चुकले तर ते वस्तरा उचलून आरशातून माझ्याकडे बघायचे. नुसतं बघणं पुरे व्हायचं. बरोबर आलं तर उजव्या गालाला दुसरं पद.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते ओटीवर आडवे व्हायचे आणि जुनी नाटकं वाचून दाखवायचे. राजा, प्रधान, दासी, विदूषक, सगळ्यांचे आवाज एकटेच काढायचे. दुःखाचा प्रवेश आला की स्वतःच रडायचे आणि उपरण्यानं डोळे पुसत म्हणायचे, “अगं, लिहिलंय बघ कसं!” मला निम्मं कळायचं नाही. “कळायची घाई करू नको,” ते म्हणायचे, “आधी तोंडात रुळू दे. कळायचं तेव्हा कळेल.” हे त्यांचं मी आजही मानते. रागावले आहे म्हणून खोटं कशाला बोलू? माणूस शिकवायला फार चांगला होता. म्हणून तर जास्त लागलं.

त्या नाटकांपैकी एक त्यांच्या जिवाचं होतं. त्यात एका राजाला शत्रू कैद करून नेतो आणि त्याची लहान मुलगी एकटी शत्रूच्या दरबारात जाते. ती एक पद म्हणते. त्याचे पहिले दोन शब्द ‘नको सोने’. नको सोनं, नको राज्य, मला माझा बाप परत दे, असा त्याचा मतलब. ते मला सहाव्या वर्षापासून येत होतं. अर्थ मात्र कळला सातव्या वर्षी, अण्णांना विषमज्वर झाला तेव्हा. त्यांना इस्पितळात ठेवलं होतं आणि मुलांना आत सोडत नव्हते. तीन आठवडे मी संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून टांगलेल्या आरशाकडे बघत ते पद म्हणायचे. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप तोंडात यायचं. अण्णा नुसता हाडांचा सापळा होऊन घरी आले त्या दिवशी मी त्यांच्या खाटेजवळ उभी राहून ते पद त्यांना म्हणून दाखवलं. ते भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ रडले. तेव्हा ते पद कुणाचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

पुढच्या वर्षी थंडीत आमच्या वाचनालयाचा वार्षिक समारंभ ठरला. अध्यक्ष होते आमच्या आळीतले एक वकील. मोठं घर, मोठा आवाज. त्यांनी अण्णांना सांगितलं की या वेळी त्या जुन्या नाटकातला दरबाराचा प्रवेश करू या आणि तो तुम्ही बसवा. अण्णा घरी आले तेच हवेत. मी विचारलं, “अण्णा, माझं पद आहे त्यात?” ते म्हणाले, “आहे तर! त्याच्याशिवाय प्रवेश उभा राहील का?” झालं. दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या वर्गाला सांगून मोकळी झालेले.

चार दिवसांनी वकिलांकडे बैठक झाली. तिथून परत आल्यावर अण्णा पायांवर पाणी घेता घेता माझ्याकडे न बघता म्हणाले, “राजकन्येचं काम वकीलसाहेबांचा मुलगा करणार आहे.”

मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हटलं, “पण ती मुलगी आहे ना?”

“म्हणूनच तर!” ते एकदम सरसावले. “मुलानं मुलगी करायची, त्यात कला आहे. मुलीनं मुलगी केली, तर त्यात नाटक कसलं? ती तर असतेच मुलगी.”

वा! काय पण तत्त्वज्ञान! आमच्या ओटीवर भिंतीवर एक फोटो होता. अण्णा विशीत असताना हौशी मंडळीच्या नाटकात नायिका झाले होते, त्याचा. शालू, नथ, हनुवटीखाली बोट. लहानपणी मला तो फोटो फार आवडायचा. त्या दिवशी त्यांनी त्या फोटोकडे बोट करून मला समजावलं की पूर्वीपासून असंच चालत आलंय. मुंबईत बायका रंगभूमीवर येऊन किती तरी वर्षं लोटली होती. ते अण्णांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण वकीलसाहेबांसमोर अण्णांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघायचाच नाही. त्यांनी ‘माझा मुलगा’ म्हटलं असणार आणि यांनी ‘वा वा’ म्हटलं असणार. कलेबिलेचं सगळं घरी येता येता वाटेत सुचलेलं. हे मला तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं, आणि कळल्यावर राग दुप्पट झाला.

मी जेवले नाही. आई म्हणाली, “अहो, पोर उपाशी झोपतेय.” तेव्हा अण्णा माझ्या अंथरुणाशी आले. म्हणाले, “तू माझी प्रॉम्प्टर. तुझ्याइतकं पाठ कुणाला आहे? नट काय, आज हा, उद्या तो. प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचा कणा. नट अडला आणि प्रॉम्प्टर गप्प राहिला, तर त्याच्यासारखा गुन्हा नाही.” आणि मी मूर्ख, मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, अभिमान वाटला. तीन आठवडे मी छाती काढून मिरवत होते. या गोष्टीचा मला स्वतःचाही अजून राग येतो.

वकिलांचा मुलगा वाईट नव्हता हो. नऊ वर्षांचा, पतंगाचा नादी, नाटकात त्याला काडीची गोडी नव्हती. तालमीला त्यांच्या व्हरांड्यात तो असा उभा राहायचा की कुणी शिक्षा केलीय. पद त्याच्या लक्षातच राहीना. मग मी त्याला शिकवलं. कसं? मला जसं शिकवलं होतं तसंच. मी दोन शब्द म्हणायचे, त्यानं पुढचं म्हणायचं. झालं असं की त्याला दोन शब्द ऐकल्याशिवाय तोंड उघडायची सवयच राहिली नाही. अण्णांच्या ते लक्षात यायला हवं होतं. पण ते खूश होते. “शाब्बास प्रॉम्प्टर!” म्हणायचे. एकदा तो मला हळूच म्हणाला, “तूच कर ना गं. मी बाबांना सांगितलं, तर ओरडले.” मी काय करणार होते?

समारंभाच्या आदल्या दिवशी आणखी एक झालं. राजकन्येला घालायला परकर हवा होता आणि वकिलांच्या घरात लहान मुलगी नव्हती. अण्णांनी माझं दिवाळीचं खणाचं परकर-पोलकं पेटीतून काढलं, कागदात गुंडाळलं आणि निघाले. मला विचारलंसुद्धा नाही. आई एवढंच म्हणाली, “डाग पडू देऊ नका.”

रविवारी दुपारी चारला कार्यक्रम. वाचनालयाच्या आवारात पिंपांवर फळ्या टाकून रंगमंच केला होता, दोन्ही बाजूंना चादरींच्या विंगा. पुढे खुर्च्या, त्यामागे सतरंज्या, एका अंगाला बायका. उजव्या विंगेत मी, डाव्या विंगेत अण्णा. उजवीकडे आवाराची बुटकी भिंत होती. तिच्यापलीकडे खाडीवरची एक कोळीण रिकामी पाटी टेकवून गंमत बघत उभी होती. ती दुपारी आमच्या मागच्या अंगणात यायची आणि आई तिला प्यायला पाणी काढून द्यायची, म्हणून ओळखीची. मी तिच्याकडे बघून हसले.

प्रवेश सुरू झाला. वकिलांचा मुलगा माझ्या परकरात चालत मध्यभागी आला आणि गुडघ्यांवर बसला. शत्रुराजा झालेले पोस्टातले एक गृहस्थ गरजले, “काय हवंय तुला?” आता पद. मी हळू आवाजात म्हटलं, “नको सोने.” तो गप्प. मी परत म्हटलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. पोरगा खरोखरचा रडत होता. खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. कुणी तरी खाकरलं.

तेवढ्यात समोरच्या विंगेतून अण्णांचा आवाज आला. ते घाबरले होते. पण घाबरल्यावर माणसाच्या तोंडून सवयीचंच निघतं. रोज सकाळी साबण लावलेल्या तोंडानं म्हणायचे, अगदी त्याच आवाजात ते म्हणाले, “नको सोने...” आणि त्यांचे डोळे माझ्यावर होते.

मी ठरवून काही केलं नाही. देवाशपथ सांगते. ते दोन शब्द त्या आवाजात आले आणि माझं तोंड उघडलं. चारही ओळी, मोकळ्या गळ्यानं, पायरीवर बसून म्हणायचे तशा. मला समोर माणसं आहेत हेही कळत नव्हतं. मुलगा तोंड झाकून बसलेला, त्यामुळे बघणाऱ्यांना तोच रडत रडत म्हणतोय असं वाटलं. संपलं. मग टाळ्या! अशा टाळ्या नौपाड्यात मी परत ऐकल्या नाहीत. मागून कुणी तरी ओरडलं, “वन्समोअर!”

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांचा चेहरा फुललेला होता. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला हातानं खूण केली. पुन्हा म्हण. पहिल्यांदा झालं ती चूक होती, मान्य. दुसऱ्यांदा त्यांनी म्हणायला लावलं. हे मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. मुलगा अजून तोंड झाकूनच होता. मी पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा चांगलं म्हटलं. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय. मला खात्री होती की आता अण्णा मला हाताला धरून पुढे नेणार.

पडदा पडला, परत उघडला. पाहुणे म्हणून मुंबईहून आलेले एक निवृत्त हेडमास्तर रंगमंचावर चढले आणि भाषणबिषण न करता म्हणाले की या मुलाला माझ्याकडून चांदीचं पदक. वकीलसाहेबांची मान ताठ झाली. त्यांनी मुलाला पुढे ढकललं. आणि तो पोरगा, नाक पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “मी नाही म्हटलं. तिनं म्हटलं. ती तिथे आहे.” आणि त्यानं माझ्या विंगेकडे बोट दाखवलं.

लोक हसले. किती विनय, म्हणाले. वकीलसाहेबही हसले, पण जरा चपापून. ते अण्णांकडे वळले, “काय हो, काय म्हणतोय हा?”

मी विंगेच्या चादरीला धरून उभी होते. एक पाऊल पुढे टाकलं की सगळ्यांना दिसले असते. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते.

अण्णा म्हणाले, “छे छे, आवाज त्याचाच. पोर लाजतंय, साहेब.”

पदक माझ्या पोलक्याला लावलं गेलं. आत मी नव्हते, एवढंच. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीपलीकडून कोळीण म्हणाली, “गो बाय, तूच बोललीस ना गो? मी बगितला ना हितून.” तेवढी एकच साक्षीदार, आणि तिला कोण विचारणार! खुर्च्यांवर बसलेल्या शिकल्या-सवरल्यांना हेडमास्तरांसकट काही दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, “माझ्या पोटच्या पोरीचा आवाज मला कळत नाही होय?”

अण्णा चिडले. “मग काय सांगायचं होतं मी? वकिलांचा मुलगा तोंड झाकून बसला होता आणि माझी मुलगी विंगेतून गात होती? चार लोकांत त्यांची शोभा करायची? आणि उद्या हिचं लग्न व्हायचंय. नाटकात गाणारी पोरगी म्हणून नाव झालं, मग?”

“आठ वर्षांची आहे ती,” आई म्हणाली. मग तिनं पानं वाढायला घेतली. तीही तेवढंच बोलली. त्या काळात तेवढं बोलली, हेच खूप, असं लोक म्हणतील. मला ते कधी पुरलं नाही.

अण्णा माझ्याजवळ आले, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “अगं वेडे, मला माहीत आहे ना तू म्हटलंस ते. मग झालं तर!”

झालं तर! त्यांना माहीत होतं, हेच तर दुखत होतं ना! ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यावर मी कशाला रागावू? परकर दुसऱ्या दिवशी परत आला. पोलक्याच्या गळ्याला रंगाचा तांबडा डाग होता. आईनं दोन वेळा रिठ्यानं धुतला, गेला नाही. मी ते पोलकं परत अंगाला लावलं नाही. आईनं शेवटी ते भांडीवाल्या बोहारणीला देऊन टाकलं.

पण ते नंतरचं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीसारखे अंगणात दाढीला बसले. आरसा, वाटी, साबण. मी पायरीवर बसले, कारण तशी सवय. त्यांनी गालांना फेस लावला आणि अगदी लाडानं, मला खूश करायला म्हणून तेच निवडलं. “नको सोने...”

मी काही बोलले नाही.

त्यांना वाटलं, ऐकू आलं नाही. परत म्हणाले. वस्तरा हातात तसाच. मी विहिरीच्या रहाटाकडे बघत राहिले. गालावरचा साबण वाळायला लागला. ते जरा हसले. म्हणाले, “रुसलीस होय? बरं, मीच म्हणतो.” आणि ते स्वतः म्हणायला लागले. पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर ते अडले. दोन वर्षं ते फक्त पहिले दोन शब्द म्हणत आले होते, पुढचं सगळं माझ्याकडे होतं. त्यांनी परत तिसरी ओळ धरली, परत तिथेच अडले. तिसऱ्यांदा अडल्यावर वस्तरा खाली ठेवला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. चुकल्यावर मी त्यांच्याकडे बघायचे, अगदी तसं.

शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला, बादली उचलली आणि पाणी काढायला विहिरीवर गेले.